एक्स-रे राखाडी, धुरकट येतोय? स्कॅटर कमी करायचा क्रम, टप्प्याटप्प्यानं

कंबरेचा लॅटरल (बाजूनं घेतलेला फोटो) काढला, वरचे तीन मणके दिसतायत पण एल५-एस१ ला (कंबरेचा शेवटचा मणका खालच्या हाडाला मिळतो तिथं) नुसता राखाडी ढग. मग काय करतात, केव्ही (किरणांचा जोर) पाचनं वाढवतात. परत तसंच. अजून पाचनं वाढवतात, आता आख्खा फोटोच राखाडी. शेवटी कॉम्प्युटरवर काळं-पांढरं खालीवर करून कसातरी डॉक्टरांकडं पाठवतात. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर, अथणी, या पट्ट्यातल्या लहान दवाखान्यांतनं येणारे एक्स-रे मी रोज बघतो, आणि दहातले बरेचसे फोटो मशीन जुनं म्हणून नाही तर स्कॅटरमुळं, म्हणजे अंगात धडकून भरकटलेल्या किरणांमुळं, खराब झालेले असतात. मशीन चांगलं असतंय, पॅनल (किरण टिपणारी पाटी) नवीन डीआर, म्हणजे थेट कॉम्प्युटरवर फोटो देणारं, असतंय, फक्त क्रम चुकलेला असतो.

हे लिहायचं कारण तेवढंच. स्कॅटरवर इलाज म्हणजे ग्रीड (पेशंट आणि पॅनलच्या मध्ये ठेवायची शिशाच्या बारीक पट्ट्यांची जाळी) एवढंच डोक्यात बसलंय. ग्रीड हा शेवटचा चाळणीचा भाग आहे, त्याच्या आधी स्कॅटर तयारच कमी करायचा असतो.

आधी दोन मिनिटं, हा स्कॅटर येतो कुठनं

ट्यूबमधनं किरण सरळ येतात. पेशंटच्या अंगात शिरले की काही शोषले जातात, काही आरपार जातात (आपला फोटो यांच्यामुळं होतो), आणि बरेच अंगातल्या इलेक्ट्रॉनला धडकून दिशा बदलतात. दिशा बदललेले किरण पॅनलवर कुठंही पडतात, त्यांना हाड कुठं होतं आणि मांस कुठं होतं याची काही खबर नसते, म्हणून ते सगळ्या फोटोवर सारखी राख फासतात. जाड पोटाचा फोटो ग्रीडशिवाय काढला तर पॅनलवर पोचणाऱ्या किरणांतले ८० टक्के किंवा त्याहून जास्त हे असले भरकटलेलेच असतात. म्हणजे पाचातला एकच किरण कामाचा.

हे प्रमाण तीन गोष्टींवर ठरतं: लाइट (किरण जिथं पडणार ते दाखवणारा उजेडाचा चौकोन) केवढा उघडलाय, पेशंट त्या जागी केवढा जाड आहे, आणि केव्ही किती लावलाय. पहिल्या दोन गोष्टींचा परिणाम मोठा, केव्हीचा त्यामानानं कमी. आणि आपण हात घालतो तो नेमका केव्हीला!

टप्पा १: पेशंट यायच्या आधी, लाइट खरं बोलतोय का बघा

कोलिमेटरचा (ट्यूबखालचा डबा, किरणांची चौकट लहान-मोठी करणारा) लाइट जिथं पडतो तिथंच किरण पडतात हे आपण गृहीत धरतो. बल्ब बदलला, आतला आरसा जरा हलला, ट्यूब कुणी ढकलताना भिंतीला आपटली, की लाइट एकीकडं आणि किरण दुसरीकडं. मग तुम्ही कितीही नीट लाइट लहान करा, काही उपयोग नाही.

तपासायला महिन्यातनं दहा मिनिटं लागतात. पॅनल किंवा कॅसेट (फिल्म किंवा प्लेट ठेवायची चपटी पेटी) टेबलावर ठेवा, एफएफडी (ट्यूब ते पॅनल अंतर) १०० सेमी, लाइट साधारण २० बाय २० सेमी करा. लाइटच्या चारी कडांवर आत-बाहेर दोन-दोन नाणी ठेवा, दोन्ही नाणी कडेला चिकटलेली, एका कोपऱ्यात एक जादा नाणं म्हणजे नंतर दिशा कळते. कमी एक्सपोजर द्या, ५० केव्ही आणि दोन-तीन एमएएस (किरणांची मात्रा) भरपूर. फोटोत किरणांची कड बरोबर दोन नाण्यांच्या मधनं गेली पाहिजे. समोरासमोरच्या दोन कडांचा फरक मिळून एफएफडीच्या २ टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे १०० सेमीला २ सेमी. त्याच्या वर गेला तर इंजिनिअरला बोलवा, स्वतः स्क्रू फिरवत बसू नका.

> थांबा, एक लक्षात ठेवा: हा फोटो बघताना डीआरचा ऑटो क्रॉप बंद करा. नाहीतर सॉफ्टवेअर स्वतःच कडा कापून दाखवतंय आणि सगळं बरोबर आहे असं वाटतं.

टप्पा २: आपल्याकडं कुठला ग्रीड आहे ते वाचा

खरंच वाचा. ग्रीडच्या पाठीवर लेबल असतंय. चार गोष्टी बघायच्या.

पहिली म्हणजे रेशो: ६:१, ८:१, १०:१, १२:१. शिश्याच्या पट्टीची उंची भागिले दोन पट्ट्यांमधलं अंतर. आकडा मोठा तसा स्कॅटर जास्त अडतो, पण सेंटरिंग (ट्यूब ग्रीडच्या बरोबर मधोमध आणणं) चुकलं तर माफीही कमी.

दुसरी, फोकस अंतर, म्हणजे ट्यूब ग्रीडपासनं किती सेमीवर हवी. टेबलचा ग्रीड साधारण १०० चा असतो, चेस्ट स्टँडचा १८० चा. लेबलवर रेंजही लिहिलेली असते. त्या रेंजच्या बाहेर वापरायचा नाही.

तिसरी, ट्यूबची बाजू. एका बाजूला ट्यूबचं चित्र किंवा तसं लिहिलेलं असतंय, ती बाजू वर.

चौथी म्हणजे पट्ट्या कुठल्या दिशेनं जातात, मधल्या रेघेवरनं कळतं. या दिशेचा विषय पुढं पोर्टेबलला (बेडजवळ न्यायचं मशीन) परत येणार आहे.

एका ठिकाणी मी बघितलं, जुनं टेबल काढून दुसरीकडनं सेकंड हँड बकी (टेबलाखालचा ग्रीड आणि कॅसेट ठेवायचा भाग) आणून बसवलेली, आत १८० चा ग्रीड आणि टेबलावर फोटो १०० नं. दोन वर्षं केयूबीच्या (मूत्रपिंड ते मूत्राशय, पोटाचा फोटो) दोन्ही कडा पांढऱ्या येत होत्या, म्हणजे तिथं किरण कमी पोचत होते, आणि सगळे म्हणायचे पेशंट जाड आहे. लेबल वाचायला बकीचा ट्रे काढावा लागतो एवढंच.

टप्पा ३: जाडी कमी करा

मऊ मांसाच्या दर ४ सेमीला किरण जवळपास निम्मे होतात. म्हणजे पोट ४-५ सेमीनं दबलं तर एमएएस निम्म्यावर येतो, आणि स्कॅटर तयार करणारं मांसच तिथनं बाजूला सरकलेलं असतंय. ग्रीड लावून एमएएस चौपट करण्यापेक्षा हे किती तरी बरं, तरी करत कोण नाही.

कसं करायचं:

- केयूबी किंवा पोटाचा फोटो, पेशंटला जमत असेल तर पालथा झोपवा. स्वतःच्या वजनानंच पोट चपटं होतं. मूत्रपिंड थोडं पॅनलपासनं लांब जातं हे खरं, म्हणून जिथं किडनीचाच बारीक तपशील पाहिजे तिथं उताणा ठेवून पट्टा बांधा.
- कंबरेचा एपी (समोरनं घेतलेला फोटो) उताणा, गुडघे वाकवून पाय टेबलावर टेकवा. पाठीची कमान टेबलाला लागते, पोट पसरतं.
- लॅटरलला पोट पुढं लोंबू द्या. हातानं मागं ढकलून किरणांच्या वाटेत आणू नका. हे उलटं करणारे लोक बघितलेत मी, पेशंट सरळ दिसावा म्हणून.
- मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) दाबतात त्याचं एक मोठं कारण हेच आहे.

> सावध: पोटात अचानक दुखून आलेला, मार लागलेला, नुकतं ऑपरेशन झालेला, गरोदर बाई, यांना पट्टा नाही आणि पालथं पण नाही.

आणि कपडे. लुगड्याच्या निऱ्या, कमरेचा करगोटा, ताईत, शर्टाच्या खिशातली तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी, सगळं काढायचं. करगोटा स्कॅटर वाढवत नाही पण एल४ वरच बसतो आणि परत एक्सपोजर, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. गाऊन द्या, पडदा लावा, बायकांना नीट समजावून सांगा, बाहेर पन्नास माणसं थांबलेली असली तरी.

टप्पा ४: लाइट लहान करा (सगळ्यात मोठा फायदा इथं आहे)

एकच टप्पा वाचणार असाल तर हा वाचा.

किरण जेवढं मांस पेटवतील तेवढा स्कॅटर. कंबरेच्या लॅटरलला मणके किती रुंद असतात? लाइट १५ ते १८ सेमी रुंद पुरतो. आणि आपण उघडतो ३५, कारण पॅनल तेवढं आहे. उरलेल्या १७ सेमीत पोट आणि मोकळी हवा, तिथनं फक्त राख येते.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. जाड भागात लाइट वाढवत नेला की स्कॅटर सुरुवातीला झपाट्यानं वाढतो आणि साधारण ३० बाय ३० च्या आसपास गेला की वाढायचा जवळजवळ थांबतो. याचा अर्थ ४३ चा ३८ केला आणि म्हणालात मी कोलिमेट केलं, तर फोटोत काही फरक पडणार नाही. फरक बघायचा असेल तर खरोखर लहान करावं लागतं. म्हणूनच एल५-एस१ चा वेगळा स्पॉट साधारण १५ बाय १५ मध्ये काढला की जी फट आधी दिसतच नव्हती ती उघडते. केव्ही वाढवायच्या आधी हा स्पॉट काढून बघा.

करायचा क्रम असा: आधी पेशंट नीट बसवा, मग सेंटर करा, मग दोन्ही बाजूंनी लाइट आत घ्या, शेवटी अंगावर पडलेला लाइट डोळ्यांनी बघा. कोलिमेटरच्या काट्यावरचा आकडा बघून समाधान मानू नका, जाड पेशंटच्या अंगावर लाइट आहे त्यापेक्षा लहान दिसतो कारण पोट ट्यूबच्या जवळ आलेलं असतंय, पॅनलपर्यंत पोचताना तो पसरतो. त्यामुळं भीतीनं अजून उघडू नका.

लाइट लहान केला की स्कॅटरचा वाटा गेला म्हणून पॅनलवर एकूण किरण कमी पोचतात. फिल्मच्या काळातला हिशोब असा होता: १४ बाय १७ इंचावरनं १० बाय १२ ला आलात तर एमएएस साधारण ३५ टक्के वाढवा, ८ बाय १० ला आलात तर ५० टक्के. डीआरला एवढं नेहमीच लागत नाही, पण जाड भागाच्या स्पॉटला फोटो दाणेदार आला तर कारण हेच, घाबरून लाइट परत उघडू नका, एमएएस वाढवा.

> तपासा: कच्च्या फोटोत, क्रॉप करायच्या आधी, चारी बाजूंना किरणांची पांढरी कड दिसते का? निदान तीन बाजूंना तरी दिसली पाहिजे. दिसत नसेल तर लाइट पॅनलच्या बाहेर सांडला होता.

नंतर कॉम्प्युटरवर कापणं म्हणजे कोलिमेशन नव्हे. राख फोटोत आधीच पडलेली असते, पेशंटला डोस आधीच गेलेला असतो, तुम्ही फक्त पुरावा कापला. आणि कधी कधी कापलेल्या भागात डॉक्टरांच्या कामाचं काहीतरी असतंय, ते वेगळंच. शिवाय लाइट फार उघडा असला की सॉफ्टवेअर फोटोचा हिशोब करताना रिकामी हवा पण धरतंय, एक्सपोजर इंडेक्स (पॅनलवर किती किरण पोचले त्याचा आकडा) चुकीचा दाखवतंय आणि तुम्ही त्या आकड्यावर विश्वास ठेवून पुढचा पेशंट बिघडवता.

टप्पा ५: केव्ही आणि एमएएस

केव्ही वाढवला की दोन गोष्टी होतात, हाड आणि मांसातला फरक कमी होतो आणि तयार झालेला स्कॅटर अंगातच अडकायचा सोडून जोरात पुढं पॅनलकडं जातो. पण केव्ही फार पाडला तर पेशंटला डोस जास्त, आणि जाड माणसाला किरण आरपारच जात नाहीत. त्यामुळं मधली वाट.

पोट, केयूबी, कंबरेचा एपी, हे ७० ते ८० केव्हीच्या आत बसवा. छाती ग्रीडवर असेल तर ११० ते १२५ चालतो, फासळ्या फिक्या होऊन फुप्फुस नीट दिसतं, पण तोच ११० ग्रीडशिवाय कॅसेटवर लावला तर मधला भाग नुसता धूर. ग्रीडशिवाय छाती असेल तर ७०-८५ च्या वर जाऊ नका.

अदलाबदलीचा सोपा नियम, केव्ही १५ टक्के खाली तर एमएएस दुप्पट. ८० केव्ही आणि २० एमएएस वरनं ६८ आणि ४०. आपल्या लहान १०० एमएच्या (मिलिअँपिअर) मशीनला ४० एमएएस म्हणजे ०.४ सेकंद, तेवढा वेळ पेशंटनं श्वास धरला पाहिजे. इथं भाषा महत्त्वाची. गोकाक, रायबागकडनं आलेल्या पेशंटला मराठीत "श्वास रोखा" म्हणालात तर तो नुसता बघत राहतो. "उसिरु तगोरी, हिडीरी, बिडब्याडरी" (श्वास घ्या, धरा, सोडू नका) एवढं कन्नड पाठ करा, आणि एक्सपोजरच्या आधी एकदा रिहर्सल घ्या. हललेला फोटो आणि स्कॅटरचा फोटो दोन्ही धुरकटच दिसतात, फरक असा की हललेल्यात कडा दुहेरी किंवा फरफटलेल्या असतात, स्कॅटरमध्ये कडा असतात पण फिक्या.

जुन्या सेटला लाइन व्होल्टेजचं बटण असेल तर प्रत्येक एक्सपोजरच्या आधी काटा खुणेवर आणा. उन्हाळ्यात खेड्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतंय, तुम्ही लावलेला ७५ प्रत्यक्षात ७५ नसतो, आणि मग चार्टच चुकीचा आहे असं वाटायला लागतं.

टप्पा ६: ग्रीड कधी, आणि कसा सरळ

भाग १०-१२ सेमीपेक्षा जाड असेल तर ग्रीड. हात, मनगट, पाऊल, घोटा, लहान बाळाची छाती, याला ग्रीड नको, उगाच डोस. मोठ्या माणसाचा खांदा, मांडी, कंबर, पोट, डोकं याला पाहिजे. गुडघा मोजून ठरवा. मोजायला टेप किंवा लाकडी कॅलिपर ठेवा, सुताराकडनं करून घेता येतो.

ग्रीड लावला की एमएएस वाढवायचा: ६:१ ला ३ पट, ८:१ ला ४ पट, १०:१ किंवा १२:१ ला ५ पट, साधारण. म्हणजे गुडघा ग्रीडशिवाय ४ एमएएस ला होत असेल तर ८:१ वर १६.

आता चुका, आणि या चुका डीआरमध्ये लपतात म्हणून सावकाश लिहितो.

*सेंटर बाजूला सरकलं.* पट्ट्यांच्या आडव्या दिशेला ट्यूब सरकली तर चांगले किरणही पट्ट्यांना आपटतात. १०० सेमीला ८:१ चा ग्रीड असेल आणि ट्यूब फक्त अडीच सेमी बाजूला असेल तर २० टक्के कामाचे किरण गेले, १२:१ ला ३० टक्के. अडीच सेमी म्हणजे दोन बोटंही नाहीत! टेबलाचं लॉक ढिलं असलं की एवढं सहज होतं.

*ग्रीड तिरका.* पेशंटच्या खाली घालताना एक बाजू गादीत रुतली. परिणाम वरच्यासारखाच, आख्खा फोटो कमी एक्सपोजचा.

*अंतर चुकलं.* १८० च्या ग्रीडवर १०० नं काढला किंवा उलटं. मध्ये ठीक, दोन्ही कडा पांढऱ्या.

*उलटा ग्रीड.* मध्ये एक काळा पट्टा, दोन्ही बाजू पार पांढऱ्या. ही चूक एकदा बघितली की माणूस विसरत नाही.

*अंतर पण चुकलं आणि सेंटर पण.* एक बाजू पांढरी, दुसरी ठीक. छातीच्या फोटोत ही फार वाईट, कारण झोपलेल्या पेशंटच्या छातीत एका बाजूला पाणी झालं की तसंच दिसतं. ग्रीडमुळं एक बाजू पांढरी आली आणि डॉक्टरांनी सुई घालायचा विचार केला असं होऊ शकतं. एका बाजूचा पांढरेपणा दिसला की दंडाकडचं, खांद्याबाहेरचं मांस पण त्याच बाजूला पांढरं आहे का बघा. असेल तर पेशंट नाही, ग्रीड.

फिल्मला असलं काही झालं की फोटो फिका यायचा आणि लगेच कळायचं. डीआर, सीआर (कॅसेटमधली प्लेट रीडरमध्ये घालून फोटो काढतात ती पद्धत) फोटो आपोआप उजळ-गडद करून देतंय, म्हणून फिकेपणा दिसत नाही, फक्त दाणे दिसतात. दाणेदार फोटो म्हटला की आपण एमएएस वाढवतो, ट्यूब सरळ करत नाही, आणि पुढचे शंभर पेशंट जादा डोस घेतात.

> तपासा: एक्सपोजर चार्टप्रमाणं दिलाय, पेशंट मध्यम आहे, तरी एक्सपोजर इंडेक्स नेहमीपेक्षा कमी आणि फोटो दाणेदार? आधी टेप घेऊन एफएफडी मोजा, मग सेंटर, मग ग्रीडची बाजू. एमएएस ला शेवटी हात लावा.

सीआर वापरणाऱ्यांसाठी अजून एक. न हलणाऱ्या ग्रीडच्या रेघा आणि रीडरच्या लेसरच्या रेघा एका दिशेला आल्या तर फोटोवर पाण्यावरच्या लाटांसारखी नक्षी येते. कॅसेटची दिशा बदलून बघा, नाहीतर जास्त बारीक रेघांचा ग्रीड लागतो. हलणाऱ्या बकीला रेघा दिसल्या तर बकी सुरूच होत नाही, किंवा एक्सपोजरचा वेळ फार कमी आहे.

आणि आजकालचं सॉफ्टवेअरमधलं व्हर्च्युअल ग्रीड. पोर्टेबलला उपयोगी आहे, नाही म्हणत नाही, फोटो खुलून दिसतो. पण स्कॅटरनं टाकलेले दाणे ते काढू शकत नाही, आणि लाइट उघडा सोडायला ते कारण होऊ शकत नाही.

टप्पा ७: हवेची पोकळी, जिथं फुकट मिळते तिथं घ्या

पेशंट आणि पॅनलमध्ये १०-१५ सेमी जागा सोडली तर तिरके जाणारे किरण पॅनलच्या बाहेर निघून जातात. ग्रीडचं थोडं काम हवाच करते.

मानेचा लॅटरल हे याचं उत्तम उदाहरण. खांद्यामुळं मान पॅनलपासनं आपोआप लांब राहते. एफएफडी १८० करा, ग्रीड काढा, लाइट फक्त मानेएवढा, आणि पेशंटला दोन्ही हातात वजन द्या म्हणजे खांदे खाली येतात आणि सी७, म्हणजे मानेचा शेवटचा मणका, दिसतो (मार लागलेल्या मानेला वजन नको, ओढणं पण नको). मी बघतो ते बहुतेक सगळे १०० वरच आणि ग्रीडवर काढतात. १५ सेमीच्या पोकळीला १०० वर फोटो १८ टक्के मोठा येतो, १८० वर ९ टक्केच, शिवाय कडा धारदार. फक्त १०० वरनं १८० ला गेलात की एमएएस ३.२ पट लागतो, पण ग्रीड काढल्यामुळं चौपट वाचला, म्हणजे हिशोब बरोबरीत सुटतो.

टप्पा ८: शिशाचं रबर

लॅटरल कंबरेला पेशंटच्या पाठीमागं टेबलावर लाइट मोकळा पडतो, तिथनं किरण टेबलाला धडकून पॅनलवर येतात. पाठीच्या मागं, लाइटच्या कडेला लागून, शिशाच्या रबराची पट्टी ठेवा. जुना फाटलेला लेड ॲप्रन फेकू नका, त्यातनं १० बाय ४० च्या दोन पट्ट्या कापा, कडा चिकटपट्टीनं बंद करा. मणक्यांचे काटे एकदम स्पष्ट येतात. ज्यांच्याकडं ऑटो एक्सपोजर (पुरेसे किरण पोचले की मशीन स्वतःच थांबतं ती सोय) आहे त्यांनी तर हे करायलाच हवं, नाहीतर हा मोकळा स्कॅटर किरण मोजणाऱ्या चेंबरवर पडून मशीन लवकर बंद होतंय आणि फोटो कमी एक्सपोजचा येतो.

एका कॅसेटवर दोन फोटो घेत असाल तर न वापरलेल्या अर्ध्या भागावर हेच रबर.

पोर्टेबलला काय बदलतं

बेडवर सगळंच अवघड. गादी मऊ, पेशंट अर्धवट बसलेला, ग्रीड कॅसेट एका बाजूला बुडते. त्यात छातीसाठी ग्रीड आडवा घातला की पट्ट्या पण आडव्या झाल्या, आणि ट्यूब पायाकडं झुकवली की झुकाव नेमका पट्ट्यांच्या आडवा पडतो. पट्ट्या ज्या दिशेला जातात त्या दिशेनं ट्यूब कितीही झुकवा, आडव्या दिशेनं नाही. म्हणून पोर्टेबलला ६:१ किंवा ८:१ च्या वर जाऊ नका, पट्ट्या डोक्याकडनं पायाकडं ठेवा, आणि कॅसेटखाली कडक फळी घाला. बारीक पेशंट असेल तर ग्रीडच नको, ७०-७५ केव्ही, लाइट घट्ट, बस.

उभं राहायचं अंतर: पेशंट हाच आता स्कॅटरचा दिवा आहे. त्याच्यापासनं १ मीटरवर, बाजूला, त्याच्या अंगावर पडलेल्या किरणांच्या साधारण हजारावा भाग पोचतो, २ मीटरवर त्याच्याही चौथा हिस्सा. वायर पूर्ण ताणून निदान दोन मीटर लांब, ॲप्रन घालून, डोस मोजायचा बॅज ॲप्रनच्या आत. शेजारच्या बेडच्या नातेवाइकांना बाहेर पाठवा. लहान मूल धरायचं असेल तर आई-वडिलांपैकी एकानं, ॲप्रन घालून, हात लाइटच्या बाहेर ठेवून; आई गरोदर आहे का आधी विचारा. आणि रोज तेच वॉर्डबॉय धरतायत असं होऊ देऊ नका.

सीआर कॅसेटचं एक विसरलेलं काम

सीआरची प्लेट फिल्मपेक्षा स्कॅटरला जास्त हळवी असते. रिकाम्या कॅसेट एक्स-रे रूममध्येच भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतात आणि दिवसभर प्रत्येक एक्सपोजरचा थोडा-थोडा स्कॅटर खातात. मग संध्याकाळी हाताचा साधा फोटो पण मळका येतो. कॅसेट रूमच्या बाहेर किंवा शिशाच्या आडोशाला ठेवा, आणि २४ तास न वापरलेली कॅसेट आधी इरेज करूनच वापरा. सोमवारी सकाळी सगळ्याच इरेज.

स्वतः करून बघायचा प्रयोग

वाचून पटत नसेल तर रविवारी हे करा. २० लिटरचा पाण्याचा जार घ्या, भरलेला, झाकण घट्ट, वरनं प्लास्टिक गुंडाळलेला. टेबलावर आडवा, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या म्हणजे गडगडणार नाही. जाडी २५ सेमीच्या पुढं जाते, म्हणजे जाड माणसाची कंबरच. जारखाली कोंबडीचं एक वाळलेलं हाड. ८० केव्ही धरून चार फोटो:

१. लाइट पूर्ण उघडा, पॅनल टेबलावर, ग्रीड नाही.
२. तसंच, पण लाइट हाडाभोवती १२ बाय १२.
३. लाइट लहान आणि खाली बकीत ग्रीड, एमएएस वाढवून.
४. तिसऱ्यासारखंच, फक्त ट्यूब आडवी ५ सेमी सरकवलेली.

चारही फोटो शेजारी लावून बघा, प्रोसेसिंग एकच ठेवून. पहिल्यात हाड आहे की नाही कळत नाही. पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक बघून आमच्याकडं शिकायला आलेली पोरं गप्पच होतात. चौथ्याचा एक्सपोजर इंडेक्स तिसऱ्याशी ताडून बघा आणि तो आकडा बकीच्या शेजारी भिंतीवर लिहून ठेवा, पुढं कधी इंडेक्स असा पडला की ट्यूब सरकलीय हे लगेच ध्यानात येईल.

त्याच भिंतीवर एक वही पण टांगा. परत काढावा लागलेला प्रत्येक फोटो त्यात लिहायचा: भाग, जाडी, लाइट किती होता, ग्रीड होता का, एफएफडी, आणि कारण. साखर कारखान्यांच्या हंगामात कंबरदुखीचे ऊसतोड कामगार येतात तेव्हा एका आठवड्यातच वहीचं पान भरतं, आणि लाइटचा रकाना वरनं खाली वाचला की चूक कुठं होतेय ते दिसतं.